सासूबाईंसाठी रोबो घ्यायचा का? भाचा मागे लागलाय

टिपेची_मशीन (वडगाव, बेळगाव)

नमस्कार. मी इथे जास्त करून वाचतेच. लिहायची ही दुसरी खेप. (पहिली मांड्यांची पोळी हातावर फाटते म्हणून रडगाणं गायलं होतं, ती.)

आमच्या घरी सासूबाई आहेत, वय ८२. मी त्यांना आत्ती म्हणते. दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. त्या दिवशीची गंमत सांगते. डॉक्टर तरुण होते, एकेक प्रश्न विचारून कागदावर खुणा करत होते. वार कोणता, महिना कोणता, आपण कुठल्या गावात आहोत. गाव बरोबर सांगितलं. मग विचारलं, राज्य कुठलं? आत्ती म्हणाल्या, "मुंबई." डॉक्टरांनी शून्य दिला. बाहेर आल्यावर हे म्हणतात, "आई शाळेत जायची तेव्हा बरोबरच होतं की ते. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यातच होतो." ह्या एका प्रश्नावर आमच्या गल्लीत चांगली शहाणीसुरती माणसं अजून हमरीतुमरीवर येतात, आणि मार्क काय तो आत्तीचा कापला! रिक्षात आम्ही दोघं हसलो. आत्तीपण हसल्या, कशाला ते न कळताच. पण बाकीचे मार्कही गेलेच होते.

दिवस बरा जातो. मी पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते, त्या शेजारी जाजमावर बसतात. आमचे पूर्वी दोन माग होते, मोटरवर चालणारे. आत्तींनी चाळीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. आता माग नाहीत, पण हात राहात नाही. पदराचा दोरा धरून ओढतात, गुंडाळतात, परत ओढतात. चार लुगड्यांचे काठ गेले असे.

साडेपाच वाजले की पालटतात. "नडी, मनिगि होगोणु." म्हणजे चल, घरी जाऊ. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, घरात कन्नड. लग्न होऊन वडगावात आल्या आणि मराठी झाल्या, अगदी आमच्यासारखं "मी जातो, मी खातो" बोलायला लागल्या. (लांबच्या लोकांसाठी: आमच्याकडे बायकासुद्धा असंच बोलतात. इथे लिहिताना मी "जाते" लिहिते ते तुमच्या मानानं.) आता ऊन उतरलं की मराठीपण उतरते आणि खालची कन्नड वर येते. रात्री दोन वाजता तर निव्वळ कन्नड. माझी कन्नड भाजीबाजारापुरती. मागच्या श्रावणात मी गिऱ्हाईकाचं माप घेत होते, तेवढ्यात दार उघडून निघाल्या त्या थेट गोवावेशीपर्यंत. एका ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. चप्पल एकाच पायात होती.

आणि मामंजी. त्यांना जाऊन ११ वर्षं झाली. आत्ती दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारतात, कुठं गेलेत? सुरुवातीला खरं सांगायचो. दर वेळी त्या नव्यानं रडायच्या. आता सांगतो, इचलकरंजीला सूत आणायला गेलेत, शेवटच्या गाडीनं येतील. मग म्हणतात, भाकरी झाकून ठेव.

तर प्रश्न. नणंदेचा मुलगा बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं रोबोचे व्हिडिओ पाठवलेत. एक पांढरा केसाळ सील, कुरवाळलं की डोळे मिटतो. एक टेबलावरच्या दिव्यासारखा, मान हलवून आपणहून बोलतो. एक म्हणजे चाकावर उभा केलेला टीव्ही. म्हणतो, "मामी, पैसे मी घालतो, तू फक्त हो म्हण." हे उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला, मुलगी सासरी, म्हणजे सगळं माझ्यावरच, हे त्यालाही कळतंय.

कुणी वापरलंय का असलं काही? घर जुनं आहे, मधे दोन उंबरठे, मागाच्या खोलीत जायला पायरी, त्याआधीच्या हातमागाचा खड्डा बुजवला तिथं फरशी खचलेली. त्या यंत्राला आमची मराठी कळेल का? आत्तीची कन्नड कळेल का? आणि खरा प्रश्न लाज सोडून लिहिते. मला दिवसाचे दोन तास पाहिजेत. आत्तीसाठी नाही, माझ्यासाठी. कुठल्या यंत्रानं ते मिळतील?

---

उद्यमबागकर

वैनी, मी मशिनी दुरुस्त करून पोट भरतो म्हणून यंत्राच्या बाजूनं सांगतो.

चाकावरचं काहीही घेऊ नका. ही यंत्रं गुळगुळीत सपाट जमिनीसाठी केलेली असतात. घर झाडणाऱ्या रोबोचंच बघा, साधारण २ सेंटीमीटरचा उंबरठा आला की बहुतेकांचा जीव जातो. तुमच्याकडे दोन उंबरठे, एक पायरी आणि खचलेली फरशी. तो पहिल्या दिवशी खड्ड्यापाशी अडकून गोल फिरत बसणार, आणि मग तुम्हाला दोघांना सांभाळावं लागणार.

दुसरं, माणसाला उचलून खुर्चीत ठेवणारे रोबो बातम्यांत दिसतात त्यांना भुलू नका. जपानच्या रिकेन संस्थेनं २०१५ मध्ये अस्वलाच्या तोंडाचा एक केला होता, रोबेअर नावाचा. वजन १४० किलो. आमच्याकडं एवढं वजन क्रेनला लावतात. तो प्रयोगशाळेतच राहिला, कुणाच्या घरी गेला नाही.

तिसरं माझं नेहमीचं. बिघडला तर उघडणार कोण? बंगळूरला पाठवायचा म्हणजे खोका, कुरिअर, महिना. तोपर्यंत आत्तींना सवय लागलेली असली तर? सवय लावून यंत्र काढून घेणं हे न देण्यापेक्षा वाईट.

आज संध्याकाळी करण्यासारखं एकच काम: दाराला मॅग्नेटचा सेन्सर. एक तुकडा चौकटीला, एक दाराला, लांब झाले की वाजतं. काहीशे रुपयांत येतो, सेलवर चालतो, त्यामुळं लाईट गेली तरी वाजतो. मागच्या दारालापण लावा, माणसं तेच विसरतात. आवाज मात्र कर्कश नको, आत्ती दचकतील. आवाज स्वयंपाकघरात वाजेल असा येतो, तो बघा.

---

निपाणीची_सिस्टर

ताई, मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आता घरी आहे. माझ्या आईला हाच आजार होता, सहा वर्षं. तुमचं वाचताना संध्याकाळचे साडेपाच अंगावर आले.

आधी नर्स म्हणून एक. हे पालटणं हळूहळू आलंय की एकदम? एकदम दोन-चार दिवसांत वाढलं असेल तर रोबो बाजूला ठेवा आणि लघवी तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की ताप येतोच असं नाही, पण डोकं फिरू शकतं. बद्धकोष्ठ, कमी पाणी, नवी गोळी, ह्यानंही होतं. बी-१२ आणि थायरॉइड बघितलं असेलच. कान तपासले का? आईच्या कानातला मळ काढल्यावर तिचे निम्मे "काय? काय?" गेले होते.

आता सील. त्याचं नाव पारो. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून त्यावर काम केलं, २००५ ला तिकडे विक्रीला आला, २००९ ला अमेरिकेनं त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. सीलच का, तर आधी कुत्रा-मांजर करून बघितलं होतं. लोक खऱ्याशी ताडून बघायचे आणि नापास करायचे. सील कुणी पाळलेला नसतो, त्यामुळं ताडायला काही नाही. अंगात स्पर्शाचे, उजेडाचे, आवाजाचे सेन्सर असतात, वजन तान्ह्या बाळाएवढं, तोंडात चोखणीसारखा प्लग घालून चार्ज करतात. किंमत अमेरिकेत सुमारे ६ हजार डॉलर. म्हणजे रुपयांत लाखांचाच हिशोब. बैलहोंगलच्या आजीला सील काय वाटेल ते मात्र देव जाणे, माझी आई नक्की घूस म्हणाली असती.

गुण येतो का? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये २८ वृद्धाश्रमांतल्या ४१५ लोकांवर मोठी चाचणी झाली, २०१७ ला छापून आली. तीन गट केले. एकाला चालू पारो, एकाला तोच पारो पण बंद केलेला, म्हणजे नुसतं मऊ खेळणं, आणि एकाला नेहमीची सेवा. चालू पारोवाले त्याच्याशी जास्त बोलले, जास्त बघत बसले, नेहमीच्या सेवेपेक्षा खूशही जास्त दिसले. पण बंद खेळण्याच्या मानानं फरक लहान होता, आणि तळमळ मोजायच्या एका ठरावीक पट्टीवर तिन्ही गटांत फरकच निघाला नाही. लाखांचं यंत्र आणि मऊ बाहुली यांच्यात एवढंच अंतर असेल तर बाहुलीपासून सुरुवात का करू नये?

आमच्याकडे माझ्या मुलीनं अमेरिकेतून सेलवरचं मांजर आणलं होतं. तिकडच्या एका खेळणी कंपनीनं २०१५ ला म्हाताऱ्यांसाठी म्हणूनच काढलेलं. गुरगुरतं, पंजा वर करतं, पोट खाजवलं की लोळतं. आई त्याला दूध पाजायची, मग मी सेलचा डबा पुसत बसायची. वर्षभर तरी तिनं ते मांडीवरून उतरवलं नाही. ते कपाटात आहे. पाहिजे असेल तर आमच्या ओळखीचा मुलगा दर सोमवारी बेळगावला असतो, त्याच्याकडे देते. विकत घेण्याआधी बघा तरी.

एकच सावधगिरी. आत्तींना नसलेली माणसं, जनावरं दिसतात का? लुई बॉडी नावाचा प्रकार असतो त्यात असं दिसतं. तसं असेल तर डोळे हलवणारं काहीही रात्री खोलीत ठेवू नका.

---

सध्या_पुणे

कुणाला वाईट वाटेल, तरी लिहितो. आयुष्यभर राबलेल्या बाईच्या मांडीवर सेलवरचं मांजर देऊन ते खरं आहे असं भासवायचं, ही फसवणूक आहे. तिला कळत नाही म्हणून तर जास्तच. आपण लहान मुलाला खेळणं देतो तेव्हा त्यालाही ठाऊक असतं की हे खेळणं. इथे तेही नाही. माणसांनी वेळ द्यायचा नाही, आणि वर यंत्र आणून प्रेम म्हणायचं. रोबो हे मुलांच्या अपराधी वाटण्यावरचं औषध आहे, आजीच्या आजारावरचं नाही.

---

टिपेची_मशीन

@सध्या_पुणे, दादा, तुमचं बरोबर असेल. पण मी रोज तीस वेळा मेलेल्या माणसाला इचलकरंजीला पाठवते. त्यापुढं मांजराची थाप किती मोठी? एकदा खरं सांगून बघा आणि समोर बसा, मग बोलू.

वेळ द्यायचा नाही म्हणालात. काल रात्री अकरा, एक, दोन आणि साडेतीनला उठले. सकाळी लग्नाचे सहा ब्लाऊज द्यायचे होते. एकाची बाही उलटी लागली.

@सिस्टर, एकदम नाही, हळूहळूच. लघवी तरी तपासून घेते. दिसायचं म्हणाल तर नाही, दिसत कुणी नाही, नसलेली माणसं फक्त आठवतात. मांजर पाठवाच.

---

मांडेप्रेमी

विषय सोडून विचारतो, ताई, मांडे जमले का शेवटी?

---

टिपेची_मशीन

नाही. कुंदा आणला आणि गप्प बसलो.

---

ईडली_दोन_प्लेट (बंगळूर)

मामी, हे तूच आहेस ना? एका चपलेची गोष्ट वाचून कळलं. मांडेपण आठवले.

चोरून वाचलं म्हणून रागावू नको. सगळ्यांसमोरच उत्तर देतो, कारण पुण्याच्या काकांनी लिहिलंय ते मलाच लागलंय. हो, अपराधी वाटतंच. आजीनं मला आठ वर्षांचा होईतो वडगावात सांभाळलं. आता व्हिडिओ कॉलवर ती मला "यार नी?" (तू कोण?) विचारते. मी फोन ठेवतो आणि रोबो शोधत बसतो. एवढंच येतं मला.

तर माझ्या कामातलं जे कळतं ते नीट लिहितो, आधी तुला नुसते व्हिडिओ पाठवले ते चुकलं.

बोलणाऱ्या यंत्राला आधी हाक मारावी लागते. अमुक नाव घेतलं की ते जागं होतं. आजीला माझं नाव राहात नाही, यंत्राचं कुठून राहणार? त्यामुळं हाक मारून वापरायची सगळी यंत्रं बाद. घरात ठेवायचे बोलके स्पीकर तसेही इंग्रजी-हिंदीपुढं फारसे जात नाहीत. फोनवर मराठी, कन्नड दोन्ही चालतात, पण भाषा बहुतेक वेळा आधी आपण ठरवून द्यायची. आजी तर एका वाक्यात दोन घालते, आणि कुठल्या वेळी कुठली हे तिचं तिलाच माहीत नसतं. मी घरी आलो होतो तेव्हा गुपचूप फोन धरून बघितला होता. "लाईट घालव" म्हणाली तर त्यानं लाइटच्या दुकानांची यादी दाखवली.

सगळ्यात वाईट म्हणजे थांबणं. बोलणारा क्षणभर गप्प झाला की यंत्र समजतं वाक्य संपलं, आणि उत्तर द्यायला लागतं. आजी दोन शब्दांत दहा सेकंद घेते. यंत्र तिचं प्रत्येक वाक्य मधेच तोडणार. माणसांनी तोडलं तर ती गप्प होते, बघितलंय ना आपण?

तो दिव्यासारखा एलीक्यू, तो आपणहून बोलतो, हाक मारायला नको. न्यूयॉर्क राज्यानं २०२२ मध्ये आठशेच्या वर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना द्यायचं ठरवलं. पण तो इंग्रजीत बोलतो, आणि एकटेपणासाठी केलाय, एवढ्या पुढं गेलेल्या आजारासाठी नाही. दक्षिण कोरियात ह्योडोल नावाची बाहुली आहे, नातवंडासारखी, गोळीची आठवण करते, बराच वेळ हालचाल दिसली नाही तर कळवते. तिकडच्या गावच्या कचेऱ्यांनी हजारो वाटल्यात. ती कोरियन बोलते. मामी, आजीच्या भाषेत बोलणारी मला दोन रात्री शोधूनही सापडली नाही. लिहायला दहा मिनिटं लागली.

अजून एक. कॅमेरावालं काही घेतलं तर तू दिवसभर मशिनीवर बसून माझ्या आईबद्दल जे बोलतेस ते सगळं रेकॉर्ड होईल.

हे वाचून तुला बरं वाटेल म्हणून सांगतो. हैदराबादला ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांचा अभ्यास झाला होता, २०१३ चा. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा गाठतो असं दिसलं, शाळेत न गेलेल्यांनासुद्धा. आजीची कन्नड, मराठी, आणि बाजारातली हिंदी. म्हणजे कदाचित आपल्याला चार वर्षं जास्तीची मिळाली, आणि त्यातली तीन मी बंगळूरला घालवली.

---

टिपेची_मशीन

तुझ्या आईबद्दल काही बोलत नाही मी. शेजारीण बोलते, मी ऐकते.

ऊटा आतेन? (जेवण झालं का?) रात्री जागू नको. बाकी फोनवर.

---

निपाणीची_सिस्टर

भाच्याचं वाचून एक सुचलं. आमच्या आईच्या बाबतीत आवाज कुणाचा ह्याला फार होतं. माझ्या भावाचा आवाज फोनवरून आला तरी ती वळायची, डॉक्टरांचा समोरून आला तरी नाही. जुन्या मोबाइलमध्ये मुलीचा, म्हणजे तुमच्या नणंदेचा, आवाज भरून ठेवा. कन्नडमध्ये. अलार्मच्या जागी तो लावता येतो. साडेपाच व्हायच्या आधी वाजू दे, तोल जायच्या आत. जायचंय जायचंय सुरू झाल्यावर काही ऐकू येत नाही त्यांना.

दोन तासांचं विचारलंत त्याला कुणी उत्तर दिलं नाही, माझ्यासकट. १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, तिथं विचारून बघा गावात काय सोय आहे. आणि तुमच्या स्वतःच्या झोपेचं, चिडचिडीचं बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, कन्नडमध्येही बोलतात. देशात ६० च्या वरच्या साधारण ८८ लाख लोकांना हा आजार आहे असा अंदाज २०२३ ला आला. म्हणजे रात्री साडेतीनला उठणाऱ्या सुनाही तेवढ्याच. पण त्यांना कुणी मोजत नाही.

---

टिपेची_मशीन (पाच आठवड्यांनी)

विचारून गायब झाले म्हणून दोघा-तिघांनी निरोप पाठवले. लग्नसराई होती. आता सांगते काय काय झालं.

सेन्सर दोन्ही दारांना लावला. @उद्यमबागकर, मागच्या दाराचं तुम्ही म्हणालात म्हणून, नाहीतर मी विसरलेच होते, आणि आत्ती दुसऱ्याच आठवड्यात तिथूनच निघाल्या. स्वयंपाकघरात वाजलं, मी नळापाशीच गाठलं. एवढ्या एका गोष्टीनं माझी पाठ मोकळी झाली. गिऱ्हाईकाचं माप आता दोन्ही हातांनी घेते.

लघवीत काही निघालं नाही. कान मात्र भरले होते. साफ केल्यावर टीव्हीचा आवाज कमी झाला.

बोलण्यातून गल्लीतली एक बाई मिळाली, चार ते सहा बसायला, महिन्याचे पैसे भाचा देणार होता. कन्नड येणारी, गोड बाई. पंधराव्या दिवशी आत्ती तिला म्हणाल्या, माझी बोरमाळ तू नेलीस. बोरमाळ बँकेत आहे, आत्तीनंच ठेवायला लावली होती. पण ती बाई गरीब, मानी. दुसऱ्या दिवशी आली नाही. मी दोनदा जाऊन पाया पडले तिच्या. येत नाही म्हणाली, रागावलीही नाही, नुसतं नाही म्हणाली. त्या रात्री वाटलं की यंत्राला चोर म्हटलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी परत आलं असतं. हे @सध्या_पुणे यांना सांगायचं होतं.

मांजर सोमवारी आलं. मी सेल घालून चालू करून मांडीवर दिलं. आत्ती खूश झाल्या, "बेक्क, बेक्क" (मांजर, मांजर) म्हणाल्या, पाठीवरून हात फिरवला. मग ते पोटातून गुरगुरायला लागलं आणि आत्ती ताठ झाल्या. मांजर नीट उचलून मला दिलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "मशीन बंद कर गं, करंट लागंल." चाळीस वर्षं मागाशेजारी गेलेली बाई. मोटर चालू आहे की नाही हे तिला कोण शिकवणार? बंद करून दिलं तर घेतलं. तेव्हापासून बंदच आहे. कधी मांजर म्हणतात, कधी नुसतं मांडीवर असतं आणि हात त्याच्या लोकरीत टोक शोधत असतो, कांडीचं सुटलेलं टोक शोधावं तसं. लुगड्यांचे काठ वाचले. भाचा हसून म्हणाला, ऑस्ट्रेलियातल्या बंद पारोवाल्या गटात आजी बसली.

आवाजाचं. नणंदेनं कन्नडमध्ये भरून पाठवलं, "अव्वा, दीपा हच्चु." म्हणजे आई, दिवा लाव. सव्वापाचला देवघराच्या कट्ट्यावरचा जुना मोबाइल वाजतो. पहिल्या दिवशी आत्ती उठल्या, हातपाय धुतले आणि दारापाशी जायच्या जागी देवापाशी गेल्या. काड्यापेटी मी हातात देत नाही, दिवा मीच लावते, त्या वात सारखी करतात. त्यात अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात "मनिगि होगोणु"ची वेळ निघून जाते. रोज नाही. साधारण दहात सात-आठ दिवस.

राहिलेल्या दोन-तीन दिवसांचं कसं सांगू? आवाज आला आणि त्यांनी मुलीला शोधायला सुरुवात केली. मागच्या खोलीत, न्हाणीत. एकदा पलंगाखाली वाकून बघत होत्या, ८२ वर्षांच्या बाईनं. "बाळा बा हिकडं" असं अर्धं-अर्धं म्हणत. मिळाली नाही तशी बसून रडल्या. मी मोबाइल बंद केला आणि दोन दिवस लावला नाही. त्या दोन्ही दिवशी त्या दारापाशी उभ्या होत्या. मग परत लावला.

भाच्याचं म्हणणं, आता आईचा आवाज घेऊन असं यंत्र करता येतं की ते आजीनं विचारलेल्या प्रश्नाला आईच्या आवाजात उत्तर देईल, कन्नड-मराठी दोन्हीत. तो करायला बसलाय. मी त्याला म्हटलं, आधी तुझ्या आईला घेऊन ये, सुट्टीचं बघू नको. ते शनिवारी येतायत. यंत्राला हो की नाही ते अजून ठरत नाही माझं. ज्या आवाजानं देवाकडं नेलं त्यानंच पलंगाखाली बघायला लावलं, आणि ते यंत्र ह्याहून गोड बोलणार.

दोन तास अजून मिळालेले नाहीत. अर्धा तास मिळाला. त्यात मी चहा बसून पिते.

@सिस्टर, मांजर अजून थोडे दिवस ठेवून घेऊ का? शेपटीपाशी टाळूएवढी लोकर निघालीय, आत्तींनी टोक शोधून शोधून. माझ्याकडे जवळपास त्याच रंगाचा मखमलीचा तुकडा आहे, द्यायच्या आधी आतून शिवून देते. शिवण दिसणार नाही.